काचेवरचं तुटकं वर्तुळ

१

"गेला गं," शालिनी फोनवर म्हणाली आणि रडायला लागली.

मोहनाबाई देवस्थळींच्या हातात सकाळचा चहा होता. शालिनी जगदाळे त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या घरात पुरुष दोनच, भाऊ हिंमतराव आणि भाचा उत्कर्ष.

"कोण गेला? नीट सांग."

"काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होता. खाल्लंन् पण."

"शालिनी, कोण?"

"हळद्या."

मोहनाबाईंनी कप खाली ठेवला. हळद्या हा मासा होता. हळदीसारखा पिवळा, बशीएवढा. हिंमतरावांच्या दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तो गेली बारा वर्षं राहत होता. हिंमतरावांच्या दिवंगत पत्नीनं, वसुंधरावहिनींनी, तो हौसेनं आणला होता.

"वाईट झालं," मोहनाबाई म्हणाल्या. "पण मासाच ना?"

"मासा मेला म्हणून उत्कर्षचं लग्न मोडतंय इथे. दादा म्हणतो, जिनं वसुंधरेचा मासा मारला ती या घरात सून म्हणून येणार नाही. पत्रिका वाटून झाल्यात, मोहना. तू ये."

मोहनाबाई एका विमा कंपनीत सर्व्हेअर होत्या. जळालेली गोदामं आणि बुडालेल्या मशीन बघून खरं काय घडलं ते शोधायचं, यात त्यांचा जन्म गेला. माणसं फायद्यासाठी खोटं बोलतात हे त्यांना समजत होतं, त्याचा रागही येत नसे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या लक्षात आलं, की माणसं काही फायदा नसतानाही तितकंच खोटं बोलतात. याचा त्यांना विलक्षण वैताग होता.

मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात दांडिया बाजारातून गोरव्यापर्यंत रिक्षा करायची, तीही एका माशासाठी, या विचारानं त्यांचं डोकं घराबाहेर पडायच्या आधीच तापलं होतं.

२

हिंमतराव टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. गोरव्याच्याच एका कारखान्यात त्यांनी इंजिनियर म्हणून नोकरी केली होती, आणि टाकीखालचं लाकडी कपाट, नळ्या, वायरिंग सगळं त्यांच्या हातचं होतं. आता पंप चालू होते. लहान मासे फिरत होते. मोठ्या माशाला हवा जास्त लागते, म्हणून तेवढा एकटा हळद्या गेला होता.

"मोहनाताई, यात तपास करण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "काल दुपारी ऋचा फोटो काढायला आली होती. फोटोसाठी तिनं पंप बंद केला आणि चालू करायला विसरली. सकाळी मी आलो तेव्हा पाणी मेल्यासारखं उभं होतं. एक बुडबुडा नव्हता."

"फोटोसाठी पंप कशाला बंद करायचा?"

"प्रवाह थांबला की मासा एका जागी राहतो. पाण्यातला कचरा खाली बसतो. फोटो स्वच्छ येतो." हे सांगताना त्यांचा आवाज क्षणभर उत्साही झाला आणि लगेच पडला. "तिनंच सांगितलं होतं मला."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, मी चालू केला होता. म्हणणारच."

शालिनीनं मैत्रिणीला स्वयंपाकघरात ओढलं. मोहनाबाईंनी तिला सरळ विचारलं, की काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत टाकीजवळ कोण कोण गेलं.

"मला कसं कळणार? मी इथेच अडकलेली. कुकरचं रबर सापडत नव्हतं. नवं कोरं रबर, मोहना. डाळ शिजेना. केटरिंगवाला आला, त्याच्यासमोर मी पातेल्यात डाळ ढवळत उभी. दादाला चार हाका मारल्या तेव्हा तो इथे आत आला मेनू ठरवायला. आणि केटरर म्हणे, बेन, उंधियू तर उन्हाळ्यात होतच नाही..."

"शालिनी. टाकी."

"टाकीचं काय? माझे गुडघे असे. त्या खालच्या कपाटापर्यंत वाकायचं तर दोन माणसं लागतील मला उठवायला. पण रबर गेलं कुठे, ते सांग."

मोहनाबाई बाहेर आल्या. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली. समोरची काच लखलखीत होती, हिंमतराव ती रोज पुसत. डावीकडची काच जिन्याच्या बाजूला होती. तिथे कुणाचं लक्ष जात नसावं, कारण बाहेरून मिठाचा पातळ थर धरला होता. त्या थरावर, छातीच्या उंचीवर, एक गोल ठसा होता. वाटीएवढा, आतली काच पुसलेली. काहीतरी काचेवर दाबून धरलं होतं. वर्तुळ पूर्ण नव्हतं. एका जागी बोटाच्या पेराएवढी फट होती.

त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. तेवढ्यात मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. उत्कर्ष होता. रात्रभर न झोपल्यासारखे डोळे.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "ऋचाला यात ओढू नका. पंप मी बंद केला होता."

३

ऋचा साबळेचं घर तरसालीला. वडील रेल्वेत. ती स्वतः एका जाहिरात संस्थेत फोटोग्राफर होती आणि सुट्टीत लोकांच्या टाक्यांमधल्या माशांचे फोटो काढत असे. मोहनाबाईंनी तिला पहिल्यांदाच पाहिलं. मुलगी रडलेली नव्हती, चिडलेली होती. ते पाहून मोहनाबाईंना बरं वाटलं.

"पंप चालू केला होतास का तू?"

"हो."

"मग हिंमतरावांना ठणकावून का नाही सांगितलंस?"

"एकदा सांगितलं. पुन्हापुन्हा सांगणारा माणूस खोटारडा दिसतो, मावशी. आणि नंतर मला कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी सांगितलं फक्त."

"उत्कर्ष म्हणतो, पंप त्यानं बंद केला."

"कधी म्हणे?" ऋचानं विचारलं.

"तू गेल्यावर. संध्याकाळी."

"संध्याकाळी तो माझ्याबरोबर होता. आम्ही शालू बघत हिंडत होतो. घरी गेला तो जेवूनच." ती खिडकीकडे बघत राहिली. "असं म्हणाला तो?"

मोहनाबाईंनी मनातल्या मनात कपाळाला हात लावला. एक मासा मेला होता आणि त्याच्यासाठी एक धडधाकट इंजिनियर मुलगा फुकटची कबुली देत होता. त्यांनी विषय बदलला. कालचे फोटो दाखव म्हणाल्या.

फोटो सुरेख होते. खोलीत अंधार करून, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरून काढलेले. काचेत ना खिडकी दिसत होती, ना फोटो काढणारीचा चेहरा. हळद्या जणू उघड्या पाण्यात होता.

"भिंग काचेला टेकवायचं, अगदी सरळ," ऋचा सांगू लागली. "तिरकं धरलं की मासा फाटल्यासारखा दिसतो. भिंगाला पुढे रबराची कड असते, म्हणजे काचेला ओरखडा येत नाही आणि बाजूचा उजेडही आत शिरत नाही. काका शेजारीच उभे होते. शंभर प्रश्न. प्रतिबिंब कसं घालवायचं, रबर कसलं, बाजारात मिळतं का. त्यांच्याकडे जुना कॅमेरा आहे म्हणाले."

तिनं आपली रबरी कड दाखवली. सलग, गुळगुळीत, कुठेही फट नसलेली.

"बाजूच्या काचेतून काढलेस का फोटो?"

"नाही. तिकडे मिठाचा थर आहे. एकही नाही."

मोहनाबाई फोटो पुन्हा बघत गेल्या. प्रत्येक फोटोत, मागच्या उजव्या कोपऱ्यात, बारीक बुडबुड्यांची एक माळ वर चढत होती. पहिल्यात होती आणि शेवटच्यातही.

"हे काय आहे?"

"तेच ना," ऋचा वैतागून म्हणाली. "पंप बंद केला तरी ते बुडबुडे थांबत नाहीत. मला वाटलं टाकीतच काहीतरी दोष आहे. घरी येऊन एकेका फोटोतून ते पुसत बसायचं. डोळे फुटतात."

मोहनाबाईंनी तिथूनच शालिनीला फोन लावला. सकाळी टाकीत कुठे बुडबुडे दिसत होते का? मागच्या कोपऱ्यात? शालिनीनं आधी कुकरचं विचारलं, मग म्हणाली, "नव्हते गं. एवढी शांत टाकी मी कधी बघितली नाही. अंगावर काटा आला."

म्हणजे त्या टाकीत आणखी काहीतरी होतं, जे ऋचाला बंद करता आलं नव्हतं, आणि ते कुणीतरी बंद केलं होतं.

४

टाकीची देखभाल मयंक नावाचा दुकानदार करत असे. रावपुऱ्यात त्याचं माशांचं दुकान होतं. मोहनाबाईंनी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "बेन, मी तर काल सकाळीच जाऊन आलो. सगळं चेक केलं. फर्स्ट क्लास."

"काल सकाळी?"

"हा ने. पाणी तपासलं, पंप साफ केले."

"मग शेवटचा हात तुमचाच. बिघाड झाला तो तुमच्या हातून."

मयंकचा चेहरा उतरला. तो गल्ल्यामागून बाहेर आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की काल तो गेलाच नव्हता. होळीपासून गेला नव्हता. काल दिवसभर तो डभोईला साडूच्या वास्तूला होता. त्यानं मोबाइलवरचे पूजेचे फोटो उघडून दाखवले. सगळ्या फोटोंत तो नारळ घेऊन उभा होता.

"मग खोटं कशाला बोललात?"

"साहेबांना वाटायला नको ना, की मी येत नाही."

मोहनाबाईंनी डोळे मिटून घेतले. नोकरीत असताना निदान जळालेलं गोदाम तरी समोर असायचं. इथे माणसं स्वतःच काडी लावून घेत होती.

"टाकीच्या मागच्या कोपऱ्यात बुडबुडे कसले येतात?"

"ती हवेची छोटी मशीन, बेन. बॅटरीवर चालते. लाइट गेली तरी मासा मरू नये म्हणून. ती कधी बंदच करायची नाही."

"बंद करायची झाली तर?"

"स्विच आत आहे. कपाटात हात घालून, मागच्या फळीच्या पाठीमागे. दिसतच नाही. मी मुद्दाम तिथे बसवला, पाहुण्यांच्या पोरांनी दाबू नये म्हणून. मला माहीत आणि साहेबांना माहीत."

"उत्कर्षला?"

"तो तेव्हा पुण्याला शिकत होता."

मोहनाबाई दुकानाच्या पायरीवर थांबल्या. त्यांच्या मनात एक नाव आलं होतं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं.

५

गोरव्याला परतल्यावर त्यांनी पहिल्यांदा उत्कर्षला टाकीपुढे उभं केलं.

"काल कसा बंद केलास तो पंप, दाखव."

तो गुडघ्यावर बसला, कपाट उघडलं आणि पुढचं बटण दाबलं. मोठ्या पंपाची घरघर थांबली. पाण्याचा प्रवाह हळूहळू शांत झाला. "झालं," तो म्हणाला.

"आणखी काही?"

"आणखी काय?"

मागच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर चढतच होती. मोहनाबाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं.

"तुझ्या कबुलीनं हा मासा मेलाच नसता, बाळा. तुला बंदसुद्धा करता येत नाही. ऊठ, आणि तरसालीला जाऊन त्या मुलीसमोर उभा राहा. ती तुझी वाट बघत नाहीये, पण जा."

उत्कर्षनं बटण पुन्हा दाबलं आणि गाडीची किल्ली घेऊन निघून गेला.

मग मोहनाबाई वरच्या मजल्यावर गेल्या. जिन्याशेजारच्या खोलीत हिंमतरावांचं हत्यारांचं टेबल होतं. प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू आपल्या जागी. टेबलाच्या कडेला कुकरच्या रबराचा मोठा तुकडा पडला होता, धारदार पात्यानं कापलेला. त्यातून वीतभर लांबीची पट्टी काढलेली होती.

हिंमतराव दारात येऊन उभे राहिले.

"बसा," मोहनाबाई म्हणाल्या. "मी सांगते, चुकलं तर सांगा. सकाळी टाकीत एकही बुडबुडा नव्हता, हे तुम्हीच मला सांगितलंत, शालिनीनंही सांगितलं. म्हणजे मोठा पंपही बंद होता आणि हवेची मशीनही. मशीनचा स्विच ऋचाला माहीत नाही. माहीत असता तर तिनं तो आधी दाबला असता, कारण त्या बुडबुड्यांनी तिचा जीव नकोसा केलाय, तिच्या शेवटच्या फोटोतसुद्धा ते आहेत. उत्कर्षला माहीत नाही, आत्ताच बघितलं. शालिनीला वाकता येत नाही. मयंकला माहीत आहे, पण तो डभोईला नारळ घेऊन उभा होता. राहिले तुम्ही."

हिंमतराव दारातच उभे राहिले.

"बाजूच्या काचेवर एक ठसा आहे. रबराच्या कडेचा, पण कड बाजारातली नाही. पट्टी वळवून केलेली, दोन टोकं जिथे भेटत नाहीत तिथे फट राहिलेली. उरलेलं रबर इथे आहे. शालिनी दोन दिवस डाळ ढवळते आहे, हिंमतराव. निदान तिला तरी सांगायचं होतंत."

हिंमतराव खुर्ची ओढून बसले.

"फोटो आहे?" मोहनाबाईंनी विचारलं.

त्यांनी खणातून जुना कॅमेरा काढला. भिंगाभोवती रबराची पट्टी चिकटवली होती. मागच्या पडद्यावर हळद्या दिसला. अगदी समोरून, थेट बघणारा. भोवती पाणी इतकं नितळ की पाणी आहे हेच कळू नये. एकही बुडबुडा नव्हता.

"लग्नात ऋचाला मोठा करून द्यायचा होता," हिंमतराव म्हणाले. "वसुंधरेकडून. बाजूनं काढला, तेवढी काच पुसून, समोरची खराब नको म्हणून. दोन्ही बंद केलं, म्हटलं पाच मिनिटं. तेवढ्यात शालिनीनं हाक मारली, केटरर आलाय. आत स्वयंपाकघरात बोलणंच संपेना. मग जेवण, मग झोप. सकाळी बघितलं तर..."

"आणि ऋचा?"

"मी नाव नव्हतं घेतलं." हिंमतरावांनी कॅमेरा बंद केला. "शालिनीनंच विचारलं, काल ऋचानं पंप बंद केला होता ना? मी हो म्हणालो. खरंच होतं ते. केला होता. मग उत्कर्ष आला, त्याला शालिनीनं सांगितलं. मग साबळ्यांचा फोन आला. प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगू. प्रत्येक वेळी आधीपेक्षा अवघड झालं."

"म्हणून लग्न मोडायला निघालात?"

"ती रोज समोर दिसली असती, मोहनाताई. रोज."

मोहनाबाईंना त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखीच राग आला. साठी उलटलेला माणूस. 'मी विसरलो' हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात म्हणून एका मुलीचं आयुष्य टांगणीला.

"चपला घाला," त्या म्हणाल्या.

"उद्या सकाळी गेलं तर? आज साबळ्यांकडे..."

"आज."

६

वाटेत हिंमतरावांनी रिक्षा थांबवायला सांगितली. रिकाम्या हातानं कसं जायचं, बटाट्याचा लीलो चेवडो तरी घेऊ, म्हणाले. मोहनाबाईंनी रिक्षावाल्याला पुढे चल म्हणून सांगितलं.

तरसालीला उत्कर्ष फाटकाबाहेर उभा होता. त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. तिघं मिळून आत गेली. साबळ्यांनी कोरडेपणानं खुर्च्या दिल्या. हिंमतराव बसले नाहीत. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, रबराच्या पट्टीसकट. काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. शेवटी ते म्हणाले, "मी तुझा अपराधी आहे, बेटा. माफ कर असंही म्हणवत नाही."

ऋचानं त्यांना बसवलं आणि पाणी आणून दिलं.

"फोटो आणलाय का?" तिनं विचारलं.

त्यांनी कॅमेरा पुढे केला. ती पडद्याकडे बघत राहिली. "काका, असा समोरून मला एकदाही मिळाला नाही," ती म्हणाली. मग आत्तापर्यंत कोरडे राहिलेले तिचे डोळे भरले. हिंमतराव ओंजळीत तोंड लपवून रडले. साबळे उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

उत्कर्षला वाटलं, संपलं सगळं. त्याचा चेहरा सैल झाला. तो ऋचाजवळ गेला.

"तू खोटं का बोललास?" तिनं विचारलं.

"तुला वाचवायला."

"कशापासून?"

त्यानं हिंमतरावांकडे पाहिलं.

"मी चालू केला होता पंप, उत्कर्ष. मी तसं सांगितलंही होतं. काकांना स्वतःला वाचवायचं होतं, ते मला समजतं. पण तू मला वाचवायला निघालास, म्हणजे मी केलंय हे तू धरूनच चालला होतास. एक फोन करून विचारायचं होतंस."

"मला वाटलं, तू घाईत विसरली असशील आणि आता घाबरली असशील..."

"हेच सांगते आहे मी."

ऋचानं आपल्या वडिलांकडे बघून सांगितलं, की पत्रिकेवरच्या तारखेला लग्न होणार नाही. मोडलंय असं ती म्हणत नव्हती. होणार आहे असंही म्हणत नव्हती.

त्यानंतरचे दोन महिने मोहनाबाईंना सुखानं चहा पिता आला नाही. शालिनीचा फोन रोज यायचा. हॉलवाला काय म्हणाला, केटरर काय म्हणाला, लोक काय म्हणतात. तू त्या मुलीला समजाव, तू तपास केलास ना. मोहनाबाई सांगून सांगून थकल्या, की मासा कसा मेला तेवढाच तपास त्यांचा होता.

मग उत्कर्षचे फोन सुरू झाले. ऋचा भेटते, चहा पिते, पण तारखेचं काढलं की गप्प होते. "मावशी, तिच्या मनात काय असेल? तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही."

"पण अंदाज? तुम्हाला माणसं कळतात. मला वाटतं, तिला अजून बाबांचा..."

"उत्कर्ष," मोहनाबाई म्हणाल्या, "या जगात एकच माणूस आहे ज्याला ऋचाच्या मनात काय आहे हे माहीत आहे. आणि तिचा नंबर तुझ्याकडे आहे." त्यांनी फोन ठेवला. ठेवताना जरा जोरातच ठेवला.

आठवडाभर कुणाचाच फोन आला नाही. शालिनीचाही नाही. मोहनाबाईंना आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं वाटलं, आणि चुकल्यासारखं वाटतंय याचा वैताग आला.

रविवारी सकाळी दार वाजलं. ऋचा होती, एकटीच, घामाघूम. दांडिया बाजारात स्कूटर लावायला जागा मिळाली नाही म्हणून लांबून चालत आली होती.

"परवा आला होता," ती आत येत म्हणाली. "तासभर बसला. नुसते प्रश्न विचारत होता, मावशी. एकाचंही उत्तर स्वतः दिलं नाही."

"मग?"

"मग काय. कंटाळून हो म्हटलं."

ती हसत होती. मोहनाबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या आणि म्हणाल्या, की उन्हाळ्यात ठेवलंत तर मी येणार नाही.

"डिसेंबरात आहे," ऋचा म्हणाली.